आठवड्याचे दहा शब्द

शाळेच्या स्मरणिकेसाठी लिहायचे म्हटले की संस्थेची वाटचाल, संस्थापकांचे कष्ट, नावलौकिक मिळविलेल्या विद्यार्थ्यांची यादी या विषयांकडे लेखणी आपोआप वळते. त्या विषयांवर अधिकाराने लिहिणारी मंडळी या अंकात आहेतच. आम्ही मात्र तिसरीच्या वर्गात दर आठवड्याला घडणाऱ्या एका लहानशा गोष्टीविषयी लिहिणार आहोत. ती गोष्ट म्हणजे श्रुतलेखन. आजी-माजी विद्यार्थ्यांपैकी तिच्यातून गेला नाही असा कोणी नाही. आणि तिच्या आठवणीने ज्याच्या हाताला अजूनही किंचित घाम येत नाही असाही क्वचितच कोणी असेल.

पंचवीसेक वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत, आमच्या वर्गात वसतिगृहात नव्याने आलेला एक मुलगा होता. आईवडील वीटभट्टीवर कामाला होते. दर रविवारी घरी पत्र लिहावे अशी वसतिगृहाची शिस्त होती आणि ती पत्रे आधी आम्ही तपासत असू. त्याने लिहिले होते, ‘आई, मी बरा आहे. इथे पानी भरपुर आहे. तु कधी येशिल?’ आम्ही लाल शाईचा पेन घेतला. ‘पानी’, ‘भरपुर’, ‘तु’, ‘येशिल’ या चारही शब्दांभोवती वर्तुळे काढली आणि पुन्हा सुवाच्य लिहून आण, असे सांगितले. पुढच्या रविवारी त्याचे पत्र आले ते एवढेच : ‘आई, मी बरा आहे.’ त्यात एकही चूक नव्हती. आम्ही त्यावर समाधानाने ‘छान’ असा शेरा दिला.

त्या पोराने विचारलेला प्रश्न आम्ही वाचलाच नव्हता, हे ध्यानात यायला आम्हांला बरीच वर्षे लागली. ‘येशिल’मधला ‘शि’ आम्हांला दिसला. आई कधी येईल याची वाट पाहणारे मूल दिसले नाही. आणि जे मूल आठ दिवसांपूर्वी तीन वाक्ये लिहीत होते, ते चुकीच्या भीतीने एका वाक्यावर आले, यालाच आम्ही प्रगती समजलो. आज आम्ही जे मत मांडणार आहोत त्याचे मूळ त्या पत्रात आहे. श्रुतलेखन हा खटला नव्हे, तो पाठ आहे. त्याचे नियोजन पाठासारखे झाले पाहिजे आणि त्याची पारख मुलाच्या स्वतःच्या लेखनात झाली पाहिजे.

आधी शब्दाचा विचार करू. आपण ‘शुद्धलेखन’ म्हणतो. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ या शब्दांपाशी आम्ही नेहमीच थबकतो. या दोन शब्दांनी आपल्या पूर्वजांना विहिरीपासून, रस्त्यापासून आणि शाळेच्या ओट्यापासून दूर ठेवले. खुद्द बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत वर्गाच्या कोपऱ्यात स्वतंत्र गोणपाटावर बसावे लागले. मुलाच्या घरची बोली ‘अशुद्ध’ आहे असे आपण वर्गात म्हणतो तेव्हा नकळत तेच गोणपाट पुन्हा अंथरतो. गंमत अशी की, शासनमान्य नियमावलीही स्वतःला ‘लेखनविषयक नियम’ एवढेच म्हणवते. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेल्या चौदा नियमांना शासनाने १९६२ मध्ये मान्यता दिली. १९७२ मध्ये त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. त्याआधीच्या छापील मराठीत ‘नांव’, ‘पांच’, ‘कांहीं’ असे अनुस्वार सर्रास असत. ते आजोबांच्या काळी बरोबर होते, नातवाच्या वहीत चूक ठरतात. म्हणजे हे नियम सर्वांना एकमेकांचे लिहिलेले वाचता यावे म्हणून माणसांनी केलेला करार आहे. करार पाळायचा असतो. त्याच्या नावाने कोणाला बाटलेले ठरवायचे नसते. म्हणून आम्ही वर्गात ‘प्रमाणलेखन’ हा शब्द वापरतो.

येथे आमच्या काही स्नेह्यांचा आक्षेप येतो. ते म्हणतात, हे नियम ज्यांनी केले त्यांच्या बोलीवर बेतलेले आहेत; बहुजनांच्या लेकरांवर ते लादूच नयेत. या म्हणण्यात तथ्य आहे, पण निष्कर्ष आम्हांला मान्य नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी आपल्या ‘निबंधमाले’त त्यांच्या ग्रंथांवर टीका करताना व्याकरणाच्या आणि भाषेच्या चुकांची टिंगल केली. मुद्द्याला उत्तर देण्यापेक्षा वेलांटीला हसणे सोपे असते, हे तेव्हापासून आजपर्यंत खरे आहे. मात्र त्यातून दोन धडे निघतात. लेखनातल्या चुकीवरून माणसाची योग्यता ठरविणे हा अन्याय आहे, हा पहिला. आणि आपल्या लेकराच्या हातून ते हत्यार समोरच्याला मिळू नये, हा दुसरा. बाबासाहेबांनी दुसरा धडा किती गांभीर्याने घेतला ते पाहायचे असेल तर शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन आणि भाषणांचा सोळावा खंड उघडावा. त्यात त्यांनी सिद्ध केलेले पाली व्याकरण आणि पाली शब्दकोश आहे. राज्यघटनेचा शिल्पकार आपल्या व्यापातून शब्दांची रूपे जुळवीत बसतो, तेव्हा व्याकरण ही आपली गोष्ट नाही असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे?

आणि व्यवहार तर डोळ्यांसमोर आहे. पोलीस भरती असो की तलाठ्याची परीक्षा, मराठीचे प्रश्न असतातच. अर्जावरच्या चुका पाहून कारकून हसतो. चौदा ऑक्टोबरला वस्तीत लागलेल्या फलकांवर ‘बुध्द’, ‘दिक्षाभूमी’ आणि ‘जय भिम’ वाचताना आमच्याही मनाला टोचते. पण फलक रंगविणाऱ्या तरुणांवर आम्ही रागावत नाही. ती मुले कोणत्या तरी शाळेत शिकली आहेत, आणि तेथे दर आठवड्याला श्रुतलेखन नक्कीच होत होते. मग ते गेले कोठे?

याचे उत्तर श्रुतलेखनाच्या स्वरूपातच आहे. नेहमीची रीत आपणां सर्वांना पाठ आहे. शनिवारी गुरुजी पुस्तकातले दहा कठीण शब्द सांगतात, वह्यांची अदलाबदल होते, प्रत्येक चुकीला एक गुण जातो आणि चुकलेला शब्द दहादा लिहून आणावा लागतो. ते दहादा लिहिणेही माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल : आधी ओळीने खाली खाली दहा वेळा ‘वि’, मग दहा वेळा ‘ही’, मग दहा वेळा ‘र’. हात राबतो, शब्द एकदाही लिहिला जात नाही. या रीतीत पारख आहे, शिकवणे कोठेच नाही.

शिवाय सर्व चुका एका मापाने मोजल्या जातात, हा त्याहून मोठा दोष. आमच्या अनुभवाने मुलांच्या चुका तीन जातींच्या असतात आणि तिन्हींचे औषध वेगळे असते. पहिली कानाची चूक. वऱ्हाडातले मूल घरी ‘पानी’ म्हणते, ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणते. ते जसे ऐकते तसे लिहिते. म्हणजे त्याचा कान उत्तम चालला आहे. त्याला ‘मन’ आणि ‘मण’, ‘मूल’ आणि ‘मूळ’, ‘वेल’ आणि ‘वेळ’ अशा जोड्या ऐकवायला आणि बोलायला लावाव्यात. घरी ‘डोया’, वहीत ‘डोळा’, दोन्ही आपलेच, हे त्याला मोकळेपणी सांगावे. दुसरी नियमाची चूक. ऱ्हस्व-दीर्घ हा भेद आजच्या बोलण्यात स्पष्ट ऐकू येईलच असे नाही. तो बहुतेक वेळा शब्दातील जागेवरून ठरतो. म्हणूनच शब्द सांगताना आम्ही शिक्षक ‘विहीईर’ असा अनैसर्गिक सूर लावून उत्तर फोडत असतो. जे कानाला कळत नाही ते ऐकवून येणार नाही. तेथे नियमच हवा. तिसरी नजरेची चूक. ‘ऋषी’मधला ऋ, ‘विष’मधला ष, ‘प्रज्ञा’मधला ज्ञ हे ना कानाने कळतात ना तिसरीतल्या मुलाला नियमाने. ते पुन्हा पुन्हा वाचनात आले पाहिजेत. शब्द पाहावा, झाकावा, लिहावा आणि उघडून ताडून पाहावा, हाच त्याला उपाय.

आता आमच्या वर्गातला एक आठवडा सांगतो. शब्द दहाच घ्यायचे, रोज वीस मिनिटे द्यायची. दहांपैकी सहा एकाच कुळातले असतात. उदाहरणार्थ मीठ, चूल, वीट, दूध, ऊस, विहीर. हे शब्द मुलांच्या घरातले आणि आईबापांच्या कामातले आहेत, हे मुद्दाम. दोन शब्द मागच्या आठवड्यांत बहुतेकांचे चुकलेले, आणि उरलेले दोन ज्याचे त्याने निवडायचे : आपल्या लिहिण्यात ज्या शब्दापाशी हात अडला तो शब्द. यामुळे प्रत्येकाची यादी थोडी वेगळी होते.

सोमवारी शिकवण्याआधीच हे शब्द सांगतो, तेही वाक्यातून : ‘चुलीवर दूध ठेवले’, ‘विहिरीत पाणी आहे’. या दिवशी गुण नाहीत. फळ्यावर बरोबर रूप आले की मूल स्वतःच आपल्या वहीत चूक शोधते आणि शेजारी बरोबर रूप लिहिते. आपली चूक आपण पाहणे हेच त्या आठवड्याचे अर्धे शिक्षण असते. मंगळवारी फळ्यावर दोन रकाने : मीठ–मिठाचा, चूल–चुलीवर, वीट–विटांचा, दूध–दुधात, ऊस–उसाचा, विहीर–विहिरीत. काय बदलले, एवढेच विचारायचे. नियम आम्ही सांगत नाही. एका वर्षी एका मुलीने सांगितले, ‘शेपटी लागली की दुसरी वेलांटी पहिली होते.’ नियमावलीतल्या उपान्त्य आणि सामान्यरूप या शब्दांना जे सांगायचे आहे, ते तिने सात शब्दांत सांगितले. कोणी तरी ‘कापूस–कापसाचा’ आणतो. मग तेथे उकारच गळाला, ते वेगळे कूळ आहे, हेही मुलेच हेरतात.

त्याच तासाला हमखास येणारा एक प्रश्न आम्हांला फार प्रिय आहे. ‘मीठ’चे ‘मिठाचा’ होते, तर ‘भीम’चे ‘भिमाचा’ का नाही? उत्तर असे की, ‘भीम’, ‘शील’, ‘शरीर’ हे शब्द संस्कृतातून जसेच्या तसे आले आहेत; शेपटी लागली तरी ते आपली दीर्घ वेलांटी सोडत नाहीत. भीमाचा, शीलाचे, शरीरात. नागपूर मात्र नागपुरात होते. हा नियम ज्या मुलाच्या मनात असा प्रश्नातून बसला, तो पुढे फलक रंगवील तेव्हा ‘जय भिम’ लिहिणार नाही, असा आमचा विश्वास आहे. ‘द्ध’चा आठवडाही असाच असतो. बुद्ध, बुद्धी, सिद्धार्थ, प्रबुद्ध, युद्ध, श्रद्धा. टाळी देत शब्द फोडायचा : ‘बुद्–ध’. आधी ‘द’, मग ‘ध’. एकदा जिभेला कळले की हातून ‘ध्द’ होत नाही.

बुधवारी जोडीदार एकमेकांना शब्द सांगतात. गुरुवारी त्या शब्दांची स्वतःची वाक्ये होतात. शुक्रवारी रात्रीच्या अभ्यासाला आठवीची मुले तिसरीच्यांना घेऊन बसतात. निवासी शाळेची ही मिळकत दिवसाच्या शाळेला नाही, आणि खरे सांगायचे तर या वेळी आठवीच्या मुलांच्याही बऱ्याच चुका गुपचूप सुधारतात. शनिवारी श्रुतलेखन होते. सोमवारची वही शेजारी उघडी ठेवून मूल आपली वाढ आपणच पाहते.

पारखीची गोष्ट याहून अवघड आहे. ‘विद्यार्थी’ हा शब्द घ्या. पहिली वेलांटी, ‘द्य’ हे जोडाक्षर, त्याचा काना, ‘थ’वरचा रफार आणि शेवटची दुसरी वेलांटी, असे पाच निर्णय मुलाला घ्यावे लागतात. ज्याने ‘विद्यार्थि’ लिहिले त्याचे चार निर्णय बरोबर आहेत. जुन्या रीतीत त्याला शून्य, आणि ज्याने शब्दच सोडून दिला त्यालाही शून्य! आम्ही बरोबर अक्षराखाली हिरवी रेघ ओढतो आणि अडलेल्या जागी एक टिंब देतो. चूक कोणत्या जातीची आहे ते आमच्या वहीत नोंदवितो. ‘सहा मुले : कान, अकरा : नियम, चार : नजर’ अशी नोंद पुढच्या आठवड्याचे नियोजन आपोआप करून देते.

दुसरे असे की, शनिवारच्या दहापैकी दहावर आम्ही विसंबत नाही. दर चौथ्या शनिवारी मागील तीन आठवड्यांच्या तीस शब्दांतून दहा निवडून विचारतो. त्या दिवशी किती पाणी मुरले ते कळते. आणि खरी कसोटी त्याहीपुढे आहे. शनिवारी ‘दुधात’ अचूक लिहिणारे मूल रविवारच्या पत्रात ‘दूधात’ लिहून जाते, असे वारंवार घडते. जेव्हा त्याचे सारे लक्ष आईला काय सांगायचे यावर असते, तेव्हाही हात बरोबर वळला, तर तो शब्द त्याचा झाला. म्हणून आम्ही महिन्यातून एकदा त्याचे मोकळे लेखन वाचून, शिकविलेल्यांपैकी किती शब्द तेथे टिकले ते पाहतो.

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आल्यापासून वर्णनात्मक नोंदी लिहाव्या लागतात. ‘शुद्धलेखनात चुका करतो’ हे वाक्य आम्हीही वर्षानुवर्षे पानोपानी लिहिले. त्यातून ना पालकाला काही कळते, ना पुढच्या शिक्षकाला. त्याऐवजी ‘ऱ्हस्व-दीर्घाचा नियम स्वतः सांगते, मोकळ्या लेखनात अजून विसरते, ण आणि न यांतील फरक आता पक्का’ असे लिहावे. वेळ थोडा अधिक लागतो. चाळीस वह्या आणि एक शिक्षक हे गणित आम्हांला ठाऊक आहे. म्हणून रोज सर्व वह्या तपासण्याचा हट्ट आम्ही सोडला; दिवसाला आठ वह्या बारकाईने पाहिल्या तर पाच दिवसांत वर्ग पुरा होतो.

मोबाइल आता आपणहून शब्द दुरुस्त करतो, मग हा खटाटोप कशाला, असेही विचारले जाते. मोबाइल ‘मूल’ आणि ‘मूळ’ दोन्ही बरोबरच मानतो. आपल्याला कोणते म्हणायचे होते ते त्याला कसे कळणार? शिवाय शब्दाची घडण ज्याला कळली, त्याला वाचनही सोपे जाते. लेखनाचा पाठ हा वाचनाचाही पाठ असतो.

रविवारचे पत्र आम्ही आजही लिहवून घेतो. आता पालकांशी फोनवर बोलणे होते, तरी पत्रवही ठेवली आहे. भेटीच्या दिवशी आईवडील ती पाहतात, काही आपल्यापाशी मागून नेतात. त्या पत्रावर आम्ही पेन लावत नाही. वाचतो, आणि प्रश्न असेल तर उत्तर देतो.

पालकांना आमची विनंती आहे : मुलाला भेटाल तेव्हा ‘दहापैकी किती?’ असे विचारू नका. ‘या आठवड्यात कोणता शब्द कळला?’ असे विचारा. आपल्याला वाचता येत नसेल तर त्याच्याकडून वाचून घ्या. त्याहून मोठी परीक्षा आणि मोठे बक्षीस दुसरे नाही. माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एकदा तिसरीच्या वर्गाला हाताने लिहिलेले पत्र पाठवावे. आपण कोणत्या गावी, काय काम करतो, एवढे चार ओळींत लिहिले तरी पुरे. नजरेच्या चुकांवर खऱ्या माणसाच्या पत्रासारखे औषध नाही.

सम्राट अशोकाच्या चौदाव्या शिलालेखात एक विलक्षण कबुली आहे. कोठे लेख अपुरा राहिला असेल, तर त्याच्या कारणांत लिपिकाराच्या हातून झालेली चूकही असू शकेल, अशा आशयाचा मजकूर त्याने दगडावर कोरवून घेतला. सम्राटाला चूक दिसत होती, ती त्याने लपविली नाही. आणि त्या चुकीपोटी धम्माचा लेख लिहिणे थांबविले नाही. तिसरीच्या वर्गासाठी याहून चांगला वस्तुपाठ आम्हांला माहीत नाही.

तो वीटभट्टीवरचा मुलगा आता पस्तिशीत असेल. ही स्मरणिका त्याच्या हाती पडली, तर त्याने आम्हांला पत्र लिहावे. लांबलचक लिहावे. त्यात चुका असल्या तर असू देत; या वेळी आम्ही प्रश्न आधी वाचू.

जय भीम!